मोटारीवरचे फडके

मोटारीच्या रंगाचे जे नुकसान ऊन, पाऊस आणि पक्षी या तिघांच्या संगनमताने वर्षभरात होत नाही, ते आपल्याकडे रोज सकाळी सहा ते आठ या वेळात, मालकाच्या संमतीने आणि त्याच्याच पैशाने, एका ओल्या फडक्याकडून बिनबोभाट पार पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोणत्याही शहरातील गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर पहाटे उतरून पाहावे. गाड्या पुसणारा इसम एक बादली भरून घेतो, कधीकाळी कुणाचा तरी सदरा असलेले फडके तीत बुचकळतो, आणि पहिल्या गाडीच्या छपरापासून आरंभ करून शेवटच्या गाडीच्या मागल्या काचेपर्यंत त्याच पाण्यावर आणि त्याच फडक्यावर मजल मारतो. एका बादलीचे हे तीर्थ पाचव्या-सहाव्या गाडीला पोहोचेपर्यंत कोणत्या वर्णाचे झालेले असते, हे मालकांना ठाऊक नसते, कारण मालक त्या वेळी झोपलेले असतात. जागे होऊन खाली येतात तेव्हा त्यांना दिसते ती ओलसर, घटकाभर चमकणारी गाडी, आणि महिनाअखेर पैसे चुकते करताना व्यवहार चोख झाल्याचे समाधान उभय पक्षांना लाभते.

या व्यवहारात गाड्या पुसणाऱ्याचा दोष मला काडीमात्र दिसत नाही. दोन तासांत पंधरा-वीस गाड्या पुसावयाच्या, पाण्याचा नळ वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला, फडके मालकांनी दिलेले नाही आणि काम झाले की नाही याची परीक्षा फक्त काचेवर बोट फिरवून होणार, अशा अटींवर याहून निराळे काम कोणीही करू शकणार नाही. दोष आहे तो करारातच. आणि तो करार आपण मालक मंडळींनी, गाडी रोज पुसली म्हणजेच ती नीट राखली या समजुतीने, तपशिलात न शिरता केलेला आहे.

तपशील पाहू जाता असा आहे. आजच्या मोटारीचा पत्रा ज्या आवरणांनी झाकलेला असतो त्यांची एकंदर जाडी साधारणपणे १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा असते. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर, ज्याला गॅरेजमधले कारागीर क्लिअर कोट म्हणतात. ज्या चकाकीवर आपण भाळून गाडी नोंदवतो ती सगळी या शेवटच्या थराची, आणि त्याची जाडी अवघी ४० ते ५० मायक्रॉन, माणसाच्या डोक्यावरील केसाहूनही कमी. उलटपक्षी रस्त्यावरील धुळीत जो मुबलक असतो तो गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, कण खनिजांचे काठिण्य मोजणाऱ्या मोस श्रेणीत ७ इतक्या काठिण्याचा असून काचेलाही ओरखडा काढू शकतो. असा कण अर्धवट ओल्या फडक्याखाली सापडला आणि वरून हाताचा दाब आला, की पुढे काय घडते हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. ज्याला खातरजमा करून घ्यावयाची असेल त्याने रात्री आपल्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा दिवा धरावा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती असंख्य सूक्ष्म रेषांची वर्तुळे उमटलेली दिसतील, आणि दिवा सरकवला की ती वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतील. कारण ओरखडे वास्तविक सर्व दिशांना पसरलेले असतात, त्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चकाकतात. काळ्या आणि गर्द निळ्या गाड्यांवर हा प्रकार दुरूनही नजरेत भरतो. पांढऱ्या गाडीवर तो लपतो, इतकेच.

तेव्हा पहिला नियम असा, की धूळ पुसावयाची नसते, ती वाहून जाऊ द्यावयाची असते. गाडी सावलीत उभी करावी, बॉनेटवर हात ठेवून पत्रा थंड झाला आहे याची खात्री करावी, आणि फडक्याचा स्पर्श होण्यापूर्वी साध्या पाण्याने वरून खाली भिजवून, जी धूळ आपण होऊन निघण्यास राजी आहे तिला आधी निघू द्यावे. नंतर दोन बादल्या घ्याव्यात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत निव्वळ पाणी. गाडीवरून फिरलेला हातमोजा किंवा फडके शाम्पूच्या बादलीत परत जाण्यापूर्वी साध्या पाण्यात खळबळून निघाले पाहिजे, म्हणजे छपरावरची रेती दरवाजावर जाणार नाही. छप्पर, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी खालची पट्टी, हा क्रम चुकवू नये, कारण चिखल आणि खडी ही खालीच साचतात. चाकांसाठी फडके आणि बादली स्वतंत्र असावीत. ब्रेकमधून झिजून निघालेली लोखंडी पूड चाकांवर बसलेली असते, आणि ती ज्या फडक्यात एकदा शिरली ते फडके रंगावर फिरविण्याच्या लायकीचे उरत नाही.

साबणाच्या बाबतीत आपल्या घरांत एक अजब काटकसर चालते. पंधरा लाखांची गाडी धुण्यासाठी तीन-चारशे रुपयांची शाम्पूची बाटली महाग वाटते आणि कपडे धुण्याची पूड मात्र मूठभर टाकली जाते. ही पूड सोडायुक्त असते, पाण्यात विरघळल्यावर तिचा पीएच १०च्या आसपास जातो, आणि तिचे काम कापडातील तेलकटपणा उखडून काढणे हे असल्याने रंगावरील मेणाचा थरही ती त्याच निष्ठेने उखडून काढते. भांड्यांचा द्रव साबण एवढा जहाल नसला तरी मेणाच्या बाबतीत त्याची नियतही तीच. मोटारीचा शाम्पू निवडताना बाटलीवर पीएच उदासीन, म्हणजे ७च्या जवळपास, असल्याचा उल्लेख आहे की नाही एवढे पाहिले म्हणजे पुरे. फेस किती येतो, वास कोणत्या फळाचा येतो आणि रंग जांभळा आहे की गुलाबी, यांपैकी कशाचाही स्वच्छतेशी संबंध नाही. बादलीभर पाण्याला एक-दोन झाकणे शाम्पू पुरतो. अधिक ओतल्याने गाडी अधिक स्वच्छ होत नाही, फक्त फेस घालविण्यासाठी अधिक पाणी खर्ची पडते.

बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांना एक स्वतंत्र सावधगिरीची सूचना. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि उन्हात थेंब वाळला की पाणी उडून जाते व क्षारांचे पांढरे कडे मागे राहते, जे पुढे घासूनही सहजी निघत नाही. त्यावर उपाय कोणत्याही बाटलीत नाही. धुतल्याबरोबर गाडी टिपून कोरडी करणे, हाच तो उपाय.

आणि टिपावयाचे म्हणजे पुन्हा फडक्यापाशी येणे भाग आहे. माझ्या मते या सबंध प्रकरणात सर्वांत अधिक विचारपूर्वक खरेदी करावयाची वस्तू मेण नव्हे, शाम्पू नव्हे, तर फडके. मायक्रोफायबर या नावाने जे कापड मिळते ते पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे असते, बहुधा ८० आणि २० किंवा ७० आणि ३० या प्रमाणात. तंतू चिरलेले असल्यामुळे ते कण आत ओढून घेते आणि पृष्ठावर घासू देत नाही. विकत घेताना काठावरची शिवण बोटांनी चाचपून पाहावी. ती टणक असेल तर ते कापड घेऊ नये, आणि कोपऱ्यात कंपनीचे ताठ लेबल शिवलेले असेल, तर ते घरी येताच उसवून टाकावे. कोरड्या तळहातावर चांगले कापड दाबून ओढले असता ते कातडीला किंचित अडकते. हे अडकणे थांबले, की तंतूंवर कशाचा तरी लेप बसला असे समजावे. हा लेप बहुधा घरातच बसतो, कारण कपडे मऊ करण्यासाठी धुण्याच्या यंत्रात जो सुगंधी द्रव घालतात तो या तंतूंची धार बुजवून टाकतो, आणि सुती कपड्यांबरोबर धुतले तर त्यांचा कापूस यांत अडकून बसतो. ही फडकी निराळी धुवावीत, सावलीत वाळवावीत, इस्त्री चुकूनही करू नये, आणि झाकणाच्या डब्यात ठेवावीत. बाल्कनीतील दोरीवर महिनाभर लोंबकळणारे स्वच्छ फडके हे स्वच्छ नसते. जे फडके जमिनीवर पडले त्याची तत्क्षणी चाकांच्या खात्यात बदली करावी. त्यावर दयामाया दाखवू नये.

मेणाविषयी बाजारात जेवढा गाजावाजा आहे तेवढे ज्ञान ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, आणि ते पोहोचू नये अशीच बाजाराची इच्छा असावी की काय, अशी शंका येते. जुन्या अँबॅसिडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमिअर पद्मिनी यांच्या रंगावर सर्वसाधारणपणे पारदर्शक थर नसे. उन्हाने रंगाचा वरचा पापुद्रा निस्तेज होई, तो पॉलिशने घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. त्या काळच्या सवयीने आजही अनेक ज्येष्ठ गृहस्थ दर दिवाळीला गाडी पॉलिश करवून घेतात. आता फडक्याला रंग लागत नाही, पांढुरका गाळ लागतो, आणि तो गाळ म्हणजे त्याच ४०-५० मायक्रॉनच्या भांडवलातून झालेली उचल होय. पॉलिश झिजवते आणि मेण झाकते, हा भेद लक्षात ठेवून पॉलिश गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करावे. मेण मात्र वर्षातून तीन-चार वेळा लावण्यास हरकत नाही.

सर्वांत नावाजलेले मेण कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील, सेआरा व पिआउई या प्रांतांतील, एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरून झटकून मिळवितात. तिकडल्या कोरड्या, रखरखीत हवेत पानातील ओल उडून जाऊ नये म्हणून वृक्षाने केलेली ती तरतूद आहे. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि नैसर्गिक मेणांत त्याच्याइतके कठीण मेण विरळा. परंतु इतके कठीण, की निव्वळ कार्नौबाची वडी गाडीवर फासता येणेच शक्य नाही. तेले, द्रावके आणि इतर मेणे मिसळल्यावाचून ते पसरत नाही. म्हणून डबीवर शंभर टक्के कार्नौबा असे छापलेले आढळल्यास वाचकांनी ते उदार अंतःकरणाने वाचावे, पण त्यापायी दुप्पट किंमत मोजू नये. आपल्या उन्हापावसात असे मेण दीड-दोन महिन्यांहून अधिक टिकेल ही अपेक्षाही बाळगू नये. पॉलिमरयुक्त कृत्रिम सीलंट अधिक टिकतात, दिसतात थोडे रुक्ष, आणि ज्याची गाडी बारा महिने रस्त्याकडेला उभी असते त्याने रूपापेक्षा टिकाऊपणाच पाहावा.

विक्रीदालनात गाडीच्या किल्ल्या हाती पडण्यापूर्वी ज्या आवरणांचा आग्रह होतो त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. टेफ्लॉन हा पदार्थ ३२७ अंशांच्या आसपास वितळतो आणि तव्यावर तो बसविण्यासाठी त्याहूनही अधिक उष्णतेत भाजावा लागतो; मोटारीचा रंग ती उष्णता सोसू शकत नाही, मग हाताने चोळून तो पत्र्याशी कायमचा एकजीव कसा होणार, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा. सिरॅमिक आवरणावरील ९एच या आकड्याचेही तसेच. हा आकडा पेन्सिलींच्या काठिण्यश्रेणीतला आहे, रत्नांच्या नव्हे. मोस श्रेणीत ९ म्हणजे माणिक, आणि ग्राहकाने मनातल्या मनात माणकापर्यंत पोहोचावे याला विक्रेत्याची आडकाठी नसते. चांगल्या कारागिराने बसविलेले सिरॅमिक आवरण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पाणी त्यावरून झरझर ओघळते, घाण कमी चिकटते आणि ते वर्ष-दोन वर्षे टिकूही शकते. परंतु पहाटेच्या त्या फडक्यापुढे त्याचीही मात्रा चालत नाही.

मेण लावण्याची कृती सोपी आहे आणि ती बिघडते फक्त औदार्यामुळे. धुतलेल्या, पूर्ण कोरड्या, थंड गाडीवर स्पंजाच्या गादीने इतका पातळ थर द्यावा की तो दिसतो न दिसतो. जाड थर अधिक संरक्षण करीत नाही, तो केवळ पुसून काढावा लागतो. एका वेळी एकच दरवाजा घ्यावा. थर धुरकट झाला की त्यावर बोटाचे टोक ओढून पाहावे: रेघ स्वच्छ उमटली तर पुसावयास घ्यावे, लिबलिबीत फरकटली तर आणखी थांबावे. सोलापुरात हे काम काही मिनिटांत होते. मुंबईच्या दमट हवेत बराच धीर धरावा लागतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मेण लागू देऊ नये, कारण त्यांच्या खरखरीत पृष्ठात ते पांढरे होऊन बसते.

बाटल्या ठेवण्याच्या बाबतीत आपण फारच बेफिकीर आहोत. बहुतेकांच्या बाटल्या गाडीच्याच डिकीत पडलेल्या असतात, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तो साठीही ओलांडतो. अशा भट्टीत द्रवरूप मेणाचे पाणी आणि मेण विलग होते. डबीतील घट्ट मेणाचे द्रावक उडून जाऊन ते आक्रसते, कडांपासून सुटते, त्याला भेगा पडतात. यांतील अनेक द्रावके ज्वालाग्राही असतात, हे निराळेच. घरातील थंड, अंधारे, मुलांचा हात न पोहोचणारे कपाट ही त्यांची योग्य जागा. झाकण घट्ट, लेबल शाबूत, आणि बाटली उघडल्याची तारीख वर लिहिलेली. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून पाच लिटर शाम्पू आणावयाचा आणि तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांतून भरून ठेवावयाचा, ही किफायत एखाद्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. जी बाटली वर्षभरात संपणार नाही ती मुळात घेऊच नये. आणि संडासाचे ॲसिड चाकांवर ओतणारी जी धुलाई केंद्रे आहेत त्यांच्या दारात गाडी उभी करू नये. अ‍ॅल्युमिनिअमच्या चाकांना त्याने जे चरे पडतात ते भरून येत नाहीत.

आपल्या प्रदेशाच्या काही विशेष गोष्टी आहेत. आंब्याच्या मोहराच्या दिवसांत झाडाखाली ठेवलेल्या गाडीवर जो चिकट थर बसतो तो मोहरावरील तुडतुड्यांच्या स्रावाचा. कोमट पाण्याने तो त्याच दिवशी निघतो, आठवड्याने निघत नाही. कबुतरांची विष्ठा उन्हाने तापलेल्या रंगावर काही तासांतच डाग कोरते, म्हणून ती लगेच काढावी; मात्र खरवडू नये, ओले फडके पाच मिनिटे तीवर पसरून ठेवावे आणि उचलून घ्यावे. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ज्यांना वाळूत गाडी फिरविण्याची हौस असते त्यांनी परत येताच गाडीचे पोट साध्या पाण्याने धुवावे. खाऱ्या पाण्याने गंज तिथे धरतो, बॉनेटवर नव्हे, आणि तिथपर्यंत कोणतेही मेण पोहोचत नाही. दसऱ्याच्या पूजेला माझा आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु हळदीकुंकवाचे स्वस्तिक धुळीने माखलेल्या बॉनेटवर बोट दाबून काढण्याऐवजी गाडी आधी धुऊन, मेण लावून मग काढले, आणि संध्याकाळी पाण्याने उतरविले, तर देवही रागावणार नाही आणि कुंकवातील कृत्रिम रंगाचा डागही राहणार नाही.

राहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो इतर सर्व प्रश्नांहून मोठा आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी, दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला पोहोचली. ती बातमी वाचून हळहळलेल्या आपल्या शहरांत त्याच आठवड्यात नळीने गाड्या धुतल्या जात नव्हत्या असे छातीठोकपणे कोण सांगेल? नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहते. वीस मिनिटे ती चालू राहिली की दोन-तीनशे लिटर गेले, आणि शहरातील माणसामागे दिवसाला १३५ लिटर हे तर सरकारी प्रमाण आहे. दोन बादल्या, आधी भिजविण्यास एक आणि शेवटी निथळविण्यास एक, असे साठ-सत्तर लिटरांत मध्यम आकाराची गाडी उत्तम धुऊन होते. बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५ हजार रुपये दंड ठरविला. आपल्याकडे असा हुकूम निघण्याची वाट कशासाठी पाहावी, हे मला उमगत नाही.

म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना माझी विनंती अशी आहे, की येत्या सर्वसाधारण सभेत रोजच्या पुसण्याचा शिरस्ता ठरावाने बंद करावा. त्याऐवजी प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदा रीतसर धुतली जावी आणि मधल्या दिवसांत फक्त काचा व आरसे पुसले जावेत. नळ वाहनतळाच्या मध्यावर आणावा, दोन-दोन बादल्या संस्थेने पुरवाव्यात, आणि प्रत्येक मालकाने आपली फडकी, आपला शाम्पू व हातमोज्यांचा एक जोड नाव घालून त्या माणसाच्या हवाली करावा. महिन्याचे पैसे मात्र पूर्वीइतकेच द्यावेत. फेऱ्या कमी झाल्या तरी काम कमी झालेले नाही.